दुसऱ्या ग्लासाआधी एक खोड

पुण्यात आईच्या स्वयंपाकघरात गवार मोडत बसले होते, तेव्हा संजयचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, कॅलिफोर्नियाहून फोन आला. इकडे सकाळचे साडेनऊ, त्याच्याकडे आदली रात्र. "शिरीषभाऊ दुपारी गेले," तो म्हणाला आणि पुढे हॉस्पिटल, त्यांची मुलगी ईशा वेळेवर पोचली, त्यांच्या पत्नी नंदावहिनी ठीक आहेत, असं बरंच काही सांगत राहिला. मी नुसती "हो, हो" म्हणत होते. फोन ठेवला आणि परत गवार मोडायला बसले. आईनं दोनदा विचारलं कोणाचा फोन होता म्हणून, पण परडीतली शेवटची शेंग मोडून झाल्यावरच मी तिला सांगितलं. तोवर ते मोठ्यानं म्हणायची हिंमत होत नव्हती...

भारतात यायला निघायच्या आदल्या दिवशी, एक जिना उतरायचीही सवड न काढता, मी त्यांना फोन केला होता. "कसे आहात, भाऊ?" "मस्त. तू जाऊन ये." मी म्हटलं, "बरं," आणि बॅग भरायला गेले. आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच. ह्या दोन ओळींपाशी मी गेले सात आठवडे अडकून पडलेय. का, ते कळायचं तर शिरीषभाऊ कोण होते आणि 'मस्त' ह्या शब्दाशी त्यांचं काय वैर होतं, ते आधी सांगायला हवं.

नात्यानं ते माझे कोणीच नव्हते. सनीव्हेलला आमच्या अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी. नागपूरचे, म्हणून भाऊ. २००१ साली मी संजयच्या मागून तिथे गेले तेव्हा मंदी सुरू झाली होती. पार्किंगमधल्या गाड्या दर आठवड्याला कमी होत होत्या, आणि परत भारतात निघालेली माणसं आपले सोफे कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून जात होती. संजयची नोकरी टिकली. माझी टिकायचा प्रश्नच नव्हता, कारण माझ्या व्हिसावर नोकरी करायलाच बंदी होती. पुण्यात मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. सनीव्हेलला कपडे धुवायच्या खोलीत कोणतं ड्रायर मशिन लवकर वाळवतं, ह्यात मी तज्ज्ञ झाले होते. दिवसभरात माझं मत कोणी म्हणजे कोणी विचारत नसे. संजय भला माणूस आहे, पण तो संध्याकाळी येऊन भाजीबद्दल "मस्त झालीय" म्हणायचा आणि लॅपटॉप उघडायचा.

एका शनिवारी जिन्यात ओळखीचा वास आला. लहानपणी तापातून उठल्यावर आई माल्टचं गरम पेय द्यायची, अगदी तसा. वासाच्या मागे गेले तर खालच्या घराचं दार उघडं, आणि आत पायमोज्यांवर चपला घातलेला एक उंच, पन्नाशीकडे झुकलेला माणूस भल्या मोठ्या पातेल्यात लाकडी डाव फिरवत होता. "काय करताय?" मी विचारलं. "बीअर बनवून राहिलो," ते म्हणाले. चहा टाकलाय म्हणावं, इतक्या सहज.

ह्या पुरवणीच्या वाचकांपैकी ज्यांनी एव्हाना नाक मुरडलं असेल, त्यांना सांगते की मीही मुरडलं होतं. पण ते सगळं प्रकरण इतकं घरगुती होतं, की माझं नाक फार वेळ मुरडलेलं राहिलं नाही. बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट होतं. ते भरडून गरम पाण्यात भिजवायचं, गाळायचं, आणि ते गोड पाणी तासभर खळखळ उकळायचं. त्यात हॉप्स नावाची कडू, सुकी फुलं टाकायची. मग थंड करून यीस्ट घालायचं आणि एका काचेच्या बुधल्यात दोनेक आठवडे आंबू द्यायचं. शेवटी किंचित साखर घालून बाटल्यांत भरायचं आणि बूच मारून परत दोन आठवडे वाट बघायची. भाऊंचा बुधला कोटांच्या कपाटात असे. नंदावहिनींच्या हिवाळी कोटाला त्यामुळे कायम आंबलेल्या पावासारखा वास यायचा, आणि त्या तो तसाच घालून लायब्ररीत कामाला जायच्या.

भाऊ चिपच्या कंपनीत टेस्ट इंजिनिअर होते. लोकांनी बनवलेल्या चिपा तपासून त्यातल्या चुका, म्हणजे 'बग', शोधणं, हे त्यांचं आठवडाभराचं काम. शनिवार-रविवारी त्यांना वाटे, आपल्या चुका कोणी शोधाव्यात. आणि नेमकं तेच होत नसे. मराठी मंडळी जमली की बीअर चाखून "वा", "क्या बात है", "यार, दुकानातली झक मारेल," असं म्हणायची. भाऊंचा चेहरा पडायचा. त्यातून त्यांनी नियम काढला, की आधी एक खोड सांगायची, मगच दुसरा ग्लास मिळेल. लोक आधी हसले. एकानं "ग्लास लहान आहे" ही खोड सांगून बघितली. ती नामंजूर झाली आणि तो रात्रभर ताकावर राहिला. यजमानाला त्याच्या घरी त्याच्याच तोंडावर नावं ठेवायची, हे आपल्या माणसांना जमता जमत नाही. गाडीत बसल्यावर मात्र घरी पोचेपर्यंत जमतं. भाऊंना ते गाडीतलं बोलणं घरात हवं होतं.

माझी पहिली परीक्षा नंदावहिनींच्या ओट्याशी झाली. मी पीत नाही, असं सांगून बघितलं. "पिऊ नको ना. तोंडात घे, फिरव आणि सिंकमध्ये थूक. टेस्टर लोकही तसंच करतात." मी चाखलं, थुंकलं आणि म्हटलं, "मस्त आहे."

"मस्त हा काही बग रिपोर्ट नाही होत," भाऊ म्हणाले. "तू पुण्याची ना? पुण्याची असून खोड काढता येत नाही?"

हे मात्र मला लागलं. मी परत एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि जे वाटलं ते बोलून टाकलं, "मक्याची कणसं उकडून काढल्यावर कुकरमध्ये जे पाणी राहतं ना, त्याचा वास येतोय." भाऊ उठले. आतून एक जाडं पुस्तक घेऊन आले, पानं उलटली आणि माझ्यासमोर बोट ठेवलं. बीअरच्या दोषांच्या यादीत उकडलेल्या मक्याचा वास हा एक दोष होता. कारण दिलं होतं की उकळताना भांड्यावर झाकण ठेवलं, तर वाफेबरोबर जायचं ते आतच पडतं. "पण मी तर उघडंच ठेवतो," भाऊ म्हणाले. पुढच्या शनिवारी मी मुद्दाम जाऊन बसले. भाऊ कपाटातून हॉप्स आणायला वळले, आणि नंदावहिनींनी कणिक मळता मळता, तिकडे न बघताच, कोपरानं ताट सरकवून पातेल्यावर झाकण ठेवलं. भाऊ परतायच्या आत ते उचललंही. मी भाऊंना ते सांगितलं, आणि आम्ही दोघं वहिनींकडे बघत राहिलो.

"उघडं काय ठेवायचं?" वहिनी म्हणाल्या. "गॅस जातो. आणि काही पडलं त्यात म्हणजे?"

गेली दोन वर्षं त्या हे करत होत्या, आणि भाऊ माल्ट बदलत होते, यीस्ट बदलत होते, पाणी बदलत होते. चिडतील असं मला वाटलं. ते खुर्चीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग वहिनींना म्हणाले, "नंदा, तू जगातला सगळ्यात अवघड बग आहेस." त्या दिवसापासून पातेलं उकळत असेपर्यंत वहिनींना स्वयंपाकघरात यायला बंदी झाली. त्यांना ते पसंत नव्हतं. दारात उभं राहून त्या उघड्या पातेल्याकडे बघत राहायच्या.

पुढच्या रविवारी भाऊंनी माझ्यासाठी एक छोटा ग्लास वेगळा काढला. त्यावर कागदी चिकटपट्टी लावून पेनानं लिहिलं, 'मीनल, क्यूए'. त्यांच्या ऑफिसात चुका शोधणाऱ्या खात्याला क्यूए म्हणत. पाच वर्षं तो ग्लास माझा होता. बाटली उघडली की ते मला हाक मारायचे, मी जिना उतरायचे, चाखायचे, थुंकायचे आणि बोलायचे. लोणी कढवताना शेवटी सुटतो तो वास. हिरव्या सफरचंदाची साल. जखमेवरच्या पट्टीचा वास. ते सगळं ते वहीत मराठीतच लिहायचे, पुस्तकात त्याचं कारण शोधायचे, आणि पुढच्या खेपेला एकच गोष्ट बदलायचे. दोन गोष्टी एकदम कधीच बदलत नसत. बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. बिघडलेली खेप ओतूनही देत नसत. का बिघडली ते कळेपर्यंत बाटल्या कपाटात राहायच्या, आणि कळलं की भाऊ त्या अगदी आनंदानं बेसिनमध्ये ओतायचे. स्वतःच्या चुकीवर इतका खूश होणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

लोकांना वाटतं मी त्यांना मदत करत होते. खरं उलटं होतं. त्या देशात मला नाव नव्हतं, काम नव्हतं, नवऱ्याच्या कागदावरची एक ओळ होते मी. आणि खाली एक माणूस होता, जो माझं वाक्य पुरं होईपर्यंत पेन हातात धरून थांबायचा. मी काही म्हटलं आणि ते कोणी लिहून घेतलं, हे पुन्हा घडू शकतं हे मला भाऊंमुळे कळलं. माझ्या आईला अजून वाटतं, की मी तिकडे शेजाऱ्यांची कोल्ड कॉफी चाखायचे. हा लेख छापून आला की तेही स्पष्ट होईल.

२००६ च्या उन्हाळ्यात भाऊंच्या पोटाचं दुखणं निघालं. कॅन्सर हा शब्द त्यांनीच पहिल्यांदा उच्चारला, तोही पार्किंगमध्ये, गाडी पुसता पुसता. औषधं सुरू झाली आणि त्यांची चव गेली. वरण, आंबा, चहा, सगळंच खिळा चोखल्यासारखं लागायचं. बीअर तर त्यांना घ्यायचीच नव्हती. पण शनिवारचं पातेलं त्यांनी सोडलं नाही. "माझी जीभ सुट्टीवर गेली," ते मला म्हणाले. "आता तुझ्या जिभेवर चालवायचं."

त्या शरद ऋतूत हौशी बीअर बनवणाऱ्यांची एक स्पर्धा होती. जिंकण्यात भाऊंना रस नव्हता, तिथे तीन परीक्षक बारीक अक्षरात दोष लिहून देतात, त्यात होता. त्यांनी औषधाच्या तिसऱ्या खेपेनंतर, धड उभंही राहवत नसताना, ती बीअर बनवली. बाटल्या भरताना नळी त्यांच्या हातून सारखी वर उसळत होती. मी धरते म्हटलं तर धरू दिली नाही. महिन्यानं बाटली उघडली. मी पहिला घोट घेतला आणि मला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. पावसात भिजलेलं पार्सल दारात पडून असावं, तसा. भरताना हवा लागली की हा दोष येतो, हे मला एव्हाना पाठ होतं. भाऊ समोर बसले होते. डोक्यावर लोकरीची टोपी, हातात वही, पेनाचं टोपण काढलेलं.

"मस्त झालीय," मी म्हटलं.

"खोड?"

"नाही."

"एकही नाही?"

"नाही भाऊ. एकही नाही."

त्यांनी वहीत काय लिहिलं ते मी बघितलं नाही. मी ती बीअर थुंकलेसुद्धा नाही, गिळली.

तीन आठवड्यांनी ते जिना चढून आमच्याकडे आले. मधे दोनदा थांबले, ते मला पावलांवरून कळलं. आत येऊन त्यांनी तीन कागद टेबलावर ठेवले. तिन्ही परीक्षकांनी ओला पुठ्ठा लिहिला होता. एकानं त्याखाली रेघ मारली होती.

"तुला आला होता ना हा वास?"

"हो."

"मग?"

"तुम्ही आजारी होतात, भाऊ."

"आजारी मी आहे," ते म्हणाले. "बीअर नाही." मग त्यांनी खुर्चीचा आधार घेतला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "माझी जीभ गेली म्हणून तुझी मागितली. डॉक्टर गोड बोलून राहिले, ईशा फोनवर गोड बोलून राहिली, ऑफिसवाले फुलं पाठवून राहिले. खरं सांगणारं एक माणूस होतं माझ्याजवळ... आता कोणाला विचारू मी?"

 ते कागद तिथेच ठेवून ते जिना उतरले. मी दया म्हणून जे केलं, त्यानं ते आजारात अगदी एकटे पडले होते, हे मला तेव्हा समजलं. त्यानंतर दोन महिने मला खालून हाक आली नाही. वहिनी भेटायच्या, भाजी द्यायच्या-घ्यायच्या, ह्या विषयावर चकार शब्द काढायच्या नाहीत. मग डिसेंबरात एका सकाळी दाराशी एक बाटली दिसली, शेजारी माझा ग्लास आणि एक कोरा कागद. मी संजयला आंघोळीला पाठवलं आणि टेबलाशी बसून कागद दोन्ही बाजूंनी भरला. कडवटपणा घशाशी राहतो. फेस आळशी आहे. मागून किंचित जळल्याची चव येते, बहुतेक पातेल्याचा तळ लागला असावा. ग्लास चमच्यानं वाजवलात तर जलतरंगासारखा आवाज येईल, इतकी ही बीअर पाणचट आहे. तो कागद मी त्यांच्या दाराखालून सरकवला. दहा मिनिटांनी खालून त्यांचं हसू ऐकू आलं, आणि पाठोपाठ हाक.

पुढच्या वर्षी भाऊंची चव हळूहळू परत आली, केस आले, ते ऑफिसला जाऊ लागले. त्याच वर्षी आमची ग्रीन कार्डाची फाइल एक पायरी पुढे सरकली आणि मला नोकरीची परवानगी मिळाली. आता ज्युनिअर कॉलेजची केमिस्ट्री कोण विचारणार, असं म्हणत मी दोन महिने घालवले. भाऊंनी कुठूनशी एक जाहिरात आणली. सूप आणि सॉस बनवणाऱ्या एका कंपनीला चव तपासणारी माणसं हवी होती. "पाच वर्षांचा अनुभव मागितला तर काय सांगू?" मी विचारलं. त्यांनी वही पुढे केली. त्रेचाळीस खेपा, आणि प्रत्येकीखाली माझं नाव. मुलाखतीत कंपनीतल्या एका बाईंनी तीन कप ठेवले, त्यातला वेगळा ओळखायचा होता. तो मी ओळखला. मग बाईंनी विचारलं, बाकीचे दोन कसे वाटले? ते दोन्ही म्हणजे त्यांचं नेहमी विकलं जाणारं टोमॅटो सूप होतं. मी म्हटलं, डब्याचा पत्रा लागतो. बाईंनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं संपलं. सोमवारी रुजू व्हायचा फोन आला. आज मी पोट भरते ते खोड काढून, आणि ती विद्या मला एका नागपूरकरानं दिली.

आता त्यांच्याच नियमाप्रमाणे मला त्यांची एक खोड सांगायला हवी. गेलेल्या माणसाबद्दल नुसतं वा, वा लिहिलेलं त्यांनी वाचलं असतं, तर कागद परत पाठवला असता.

पुण्याहून सनीव्हेलला परत आल्यावर मी तशीच खाली गेले. वहिनी एकट्याच होत्या. ईशा आदल्या आठवड्यात कामावर परत गेली होती. वहिनींकडून कळलं, की मी निघायच्या चार दिवस आधी डॉक्टरांनी भाऊंना सांगितलं होतं, की दुखणं परतलंय आणि ह्या खेपेला औषध नाही. ते वहिनींना म्हणाले, "मीनलला सांगू नको. भावाचं लग्न आहे तिच्या. तिकीट कॅन्सल करून बसेल." म्हणजे मी दया म्हणून जे त्यांच्याशी केलं, नेमकं तेच त्यांनी माझ्याशी केलं. जन्मभर 'मस्त' हा शब्द दारातून परत पाठवणाऱ्या माणसानं शेवटी तोच मला दिला. ही त्यांची खोड. मला त्याचा राग आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही. पण त्याहून मोठी खोड माझी आहे. पाच वर्षं ज्यानं मला शिकवलं, त्याच्या तोंडून 'मस्त' ऐकून मी "बरं" म्हटलं. एवढंच विचारायचं होतं, "खोड?" त्यांनी खरं सांगितलं असतं. कोणी नीट विचारलं, तर ते खोटं बोलत नसत.

वहिनींनी चहा केला. ओट्यावर माझा ग्लास पालथा घातलेला होता, चिकटपट्टीवरची शाई पुसट झालेली. शेगडीवर दुधाचं पातेलं उघडंच होतं. आमटी उघडी, भात उघडा. वहिनींनी कप दिला आणि सवयीनं विचारलं, "बरा झालाय ना?"

"साखर जास्त झालीय, वहिनी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कप काढून घेतला, आणि दुसरा करून आणला. तो आम्ही दोघी मिळून प्यायलो. मग मी विचारलं, "तुम्ही कशा आहात?"

"बरी आहे गं. सगळे येतात, फोन करतात. बरं चाललंय."

मी कप खाली ठेवला. "एक खोड सांगा."

वहिनींनी शेगडीकडे बघितलं. "सात आठवडे झाले," त्या म्हणाल्या. "एकाही भांड्यावर झाकण ठेवलेलं नाही मी. हात जातो, आणि वाटतं, ते वळून बघतील." एवढं बोलून त्या पहिल्यांदा रडल्या, आणि दूध उतू गेलं, तरी आम्ही दोघीही उठलो नाही.